ओव्हर कोण घेतंय?

सभा तीनला होती आणि माझी बस सव्वापाचला. मधल्या सव्वादोन तासांत पुढच्या खोलीतल्या चाळीस खुर्च्यांमधून वाट काढून मला बाहेर पडायचं होतं. कसं, ते देवालाच ठाऊक.

मागचं दार असतं तर प्रश्न नव्हता. पण ते ताईच्या आजारपणात बुजवलं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा न्हाणीघर मोठं करायचं ठरलं आणि गवंडी म्हणाला, "मावशी, दाराची जागा आत घेतली तर चाकांची खुर्ची फिरेल बघा." मीच मान डोलावली. अकरा वर्षांत त्या भिंतीकडे बघून मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र सकाळपासून तीनदा मी तिथे जाऊन उभी राहिले. एकदा बादलीच्या निमित्ताने, एकदा साबणाच्या, आणि तिसऱ्यांदा निमित्तही सुचलं नाही.

बॅग ताईच्या लोखंडी पलंगाखाली होती. लहानशीच. कपड्यांचे दोन जोड, चष्मा आणि एक चिठ्ठी.

चिठ्ठी येऊन आठ दिवस झाले होते. बसने दोन तासांवर एक प्रार्थनामंदिर आहे. दर शनिवारी सकाळी तिथे प्रवचन होतं, पण नुसतं बोललेलं नव्हे, गायलेलं. प्रवचनकार दोन वाक्यं सांगतात, तिसरं गातात, आणि ते गायला लागले की मागून पेटीवर त्यांचा सूर उचलून धरावा लागतो. आमच्या गावातल्या अशाच प्रवचनाला मी मुलगी होते तेव्हापासून पेटी धरत आले. गाणाऱ्याचा श्वास कुठे संपणार हे त्याच्याआधी आपल्या बोटांना कळतं, त्या क्षणी देव खोलीत असतो, अशी माझी समजूत आहे. अकरा वर्षांत मी एकाही शनिवारी गेले नव्हते. आणि आता चिठ्ठीत लिहिलं होतं: "आमचे पेटीवाले काका थकले. मंदिरामागे एक खोली रिकामी आहे, खिडकी पूर्वेला. पुढच्या शनिवारपासून याल का? जमणार नसेल तर तसं कळवा, दुसरं कुणीतरी बघू."

मी 'येते' म्हणून कळवलं. घरात मात्र कुणाजवळ बोलले नाही. तोंड उघडायचे, आणि निघायचं ते "चहा ठेवू का?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. पंचविसाव्या वर्षापासून वीस वर्षं ती इस्पितळात नर्स होती. मग पाठ गेली, पेशंट उचलणं होईना, तेव्हा शाळेत शिक्षिका झाली आणि पुढली पंधरा वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला. त्यामुळे अर्धं गाव तिला सिस्टर म्हणायचं आणि अर्धं बाई. तिला जाऊन बारा दिवस झाले होते, आणि तिच्या स्मृतिसभेच्या फलकावर यातलं काय लिहायचं यावर सकाळी अर्धा तास गेला.

"त्यांनी मला लागोपाठ चौदा इंजेक्शनं टोचली आहेत," निवृत्त पोस्टमन म्हणाला. "मी बाई म्हणणार नाही."

"आणि मला पट्ट्या मारल्यात," शिंपी म्हणाला. "मी सिस्टर म्हणालो तर तिथूनही एक मारतील."

भाच्याने शेवटी दोन्ही लिहायला सांगितलं. भाचा म्हणजे ताईचा मुलगा. दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत असतो, माणूस मनाचा मऊ, पण एखादी गोष्ट ठरवली की ती झालीच असं धरून पुढे चालू लागतो. सभेच्या फलकाबरोबर त्याने रंगाऱ्याकडून आणखी एक पाटी करून आणली होती. कागद सोडून मला दाखवली. रंग ओलाच होता.

'सिस्टर-बाई स्मृती सेवाकेंद्र. सकाळी ड्रेसिंग व रक्तदाब तपासणी, संध्याकाळी अभ्यासवर्ग.' आणि खाली जरा बारीक अक्षरांत, 'संचालिका : मावशी'.

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

"अगं, यात ठरवायचं काय? तू करतेच आहेस. आम्ही नुसतं नाव दिलं." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईला किती बरं वाटेल, मावशी. सभेच्या शेवटी जाहीर करतो. लोक टाळ्या वाजवतील बघ."

"वाजवतील," मी म्हणाले.

त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी करतच होते. ताई पडून होती त्या अकरा वर्षांत तिचं इस्पितळ आणि तिची शाळा दोन्ही या घरात आली. सकाळी नऊपासून लोक ड्रेसिंगला, पाचपासून मुली अभ्यासाला. ताई पलंगावरून सांगायची, मी करायची. हात माझे, तोंड तिचं. "कात्री तिरकी धर. घाबरतेस काय, पाय त्याचा आहे." आणि संध्याकाळी, "त्या तिघी बहिणींतल्या मधलीचं पाढ्यांत लक्ष नाही, तिला उभी कर." मला मावशी म्हणायचे भाचा आणि भाची, आणि त्यांचं ऐकून सगळं गाव. नवीन आलेल्या पेशंटना तर मी बहीण वाटलेच नाही. इस्पितळात बेडपॅन देणाऱ्या बाईला मावशी म्हणतात ना, ती मी, असं धरून ते मोकळे व्हायचे. एकाने मला जाताना, "मावशी, तुमच्या सिस्टर फार कडक हो," असंही सांगितलं. मी म्हटलं, "हो, जन्मापासून."

ताईचं एक शास्त्र होतं. इस्पितळात ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंट समजावून देते, खाटेमागून खाट. कुणाला ताप, कुणाची सलाइन किती उरली, कोण रात्रभर रडलं. याला ओव्हर देणं म्हणतात. सांगून झालं की देणारी म्हणते, "ओव्हर दिली," आणि घेणारी म्हणते, "घेतली." हे दोन शब्द होईपर्यंत जुनीने वॉर्ड सोडायचा नाही, मग घराला आग लागली असली तरी. ताईने हे शास्त्र शाळेतही नेलं. सुटी झाल्यावर मुलाला न्यायला आलेल्या माणसाकडून ती "घेतला" असं वदवून घ्यायची, तेव्हा कुठे फाटकावरचा हात काढायची. गावातले बापे ओशाळं हसत "घेतला, बाई" म्हणत घरी जायचे.

मलाही तिने एकदा ओव्हर दिली. तिचा नवरा गेला तेव्हा ती पस्तिशीची, भाचा सहा वर्षांचा, भाची तीन. मी बावीस. मी दिवसकार्याला म्हणून आले होते. कपड्यांचे दोन जोड घेऊन. ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, पोरांच्या खाण्याच्या वेळा सांगितल्या, भाचीला दुधाची साय चालत नाही हे सांगितलं, भाचा अंधाराला भितो पण कबूल करत नाही हे सांगितलं, आणि म्हणाली, "महिनाभर. तोवर माझं बस्तान बसेल. ओव्हर दिली."

"घेतली," मी म्हणाले.

त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. ती ओव्हर माझ्याकडून कुणी परत घेतली नाही. पोरं मोठी झाली, लग्नं होऊन गेली, तोवर ताईची पाठ गेली, पाठीमागून पाय गेले. दर वेळी वाटायचं, एवढं झालं की सांगू. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, तेही 'एवढं झालं की' मध्येच विरून गेलं. ताई वाईट नव्हती. माझ्या आजारपणात तिने माझ्या उशाशी तीन आठवडे काढले आहेत. पण मी कधी जाणार आहे का, हे तिने विचारलं नाही, आणि तिने विचारल्याशिवाय मी सांगितलं नाही. आम्हां दोघींचं असंच चाललं.

शेवटच्या वर्षांत रोज संध्याकाळी सातला ती मला वही घ्यायला लावायची. ओव्हरची वही. ती सांगायची, मी लिहायची. दिवसभरात कोण आलं, कुणाची जखम कशी, कोणती मुलगी कुठे अडली. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, ही ओव्हर द्यायची कुणाला?"

"जी येईल तिला."

"कोण येणारेय?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. "तू लिही ग."

अडीचला मी चहाचं आधण ठेवलं. पुढच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. शाळेतून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, एकीला दुसरी चिकटवून. मधे वाट ठेवली होती तीही एका माणसापुरती. बॅग घेऊन तिथून जायचं म्हणजे चाळीस जणांच्या गुडघ्यांना घासत जायचं.

तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई स्वयंपाकघरात आली. "कप पुसू का?" म्हणाली आणि आधी हात धुतले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, आणि मग कोपरापर्यंत. नळ कोपरानेच बंद केला.

"तुम्ही इस्पितळातल्या," मी म्हणाले.

"होते." तिने फडकं उचललं. "तुम्हाला माझी गोष्ट ठाऊक असेल. मी ती न आलेली."

ताईची ती गोष्ट गावात पोराटोरांनाही पाठ आहे. ताई मुलांच्या वॉर्डात असताना मोठं वादळ झालं होतं. झाडं पडली, पूल बंद झाला. चौदा पोरं वॉर्डात आणि ताई एकटी. तीन दिवस आणि तीन रात्री तिने पाठ टेकली नाही. कारण बदलीची सिस्टर आलीच नाही. ही गोष्ट सांगताना लोक ताईसाठी हात जोडतात आणि त्या न आलेलीसाठी नाक मुरडतात. कुणी कामाला उशिरा आलं की आमच्या गावात अजून विचारतात, "काय, वादळात अडकला होता का?"

"आज मात्र वेळेवर आलेय," ती म्हणाली. "नोंद करून ठेवा."

"बसा ना."

"नको, कप राहतील." एक कप पुसून तिने उजेडाकडे धरला. "मी आले होते हो. दुसऱ्या दिवशी सकाळी. पूल बंद होता, तर वरच्या बाजूने दुधाच्या गाडीतून आणि पुढे चालत. चोवीस वर्षांची होते, गुडघ्यापर्यंत चिखल. बूट बाहेर काढले, हात धुतले, वॉर्डात गेले आणि म्हटलं, सिस्टर, द्या ओव्हर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुझे हात थरथरतायत, जा, झोप काढ. मी म्हटलं, थंडीने आहे, आत्ता थांबतील. द्या. त्या खाटांमधून फिरत राहिल्या. मी दुपारपर्यंत दाराशी उभी होते. तीनदा 'घेतली' म्हणाले. त्यांनी 'दिली' म्हटलंच नाही."

आधण उतू जायला लागलं. तिनेच गॅस बारीक केला.

"मग मी परिचारिकांच्या खोलीत जाऊन रडत बसले, आणि पूल उघडल्यावर घरी गेले. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तीन दिवस मीच होते. खोटं नाही बोलल्या. बाकीचं लोकांनी भरलं. आणि त्यांनी पुसलं नाही."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगणार? देवीच्या मूर्तीवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मी कारखान्याच्या दवाखान्यात गेले, तिथेच रिटायर झाले." तिने कप मांडायला घेतले. "राग होता. पुष्कळ वर्षं होता. पण राग सांभाळणं हीसुद्धा ड्यूटीच असते, तीही बिनबदलीची. नंतर कळलं, आदल्या महिन्यात ओव्हर देताना त्यांच्या वॉर्डातलं एक पोर गेलं होतं. चौथ्या खाटेपाशी देणारी-घेणारी दोघी बोलत होत्या आणि नवव्या खाटेवरचं गेलं. म्हणजे जायचंच होतं ते. पण त्यांच्या मनाने घेतलं की आपण पाठ फिरवली आणि ते गेलं."

मला तो महिना आठवला. ताई घरी येऊन हात धूत राहायची. साबणाची वडी चार दिवसांत संपली म्हणून मीच कुरकुर केली होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या ताईंना ओव्हर घेता फार सुंदर यायची. त्यांच्यासारखी कुणी घेतली नसेल. देता येत नव्हती. आणि समोरून दिलीच नाही, तर घेणारी काय करील? दाराशी उभी राहील."

मी चहा गाळला. इतकी वर्षं मला वाटत होतं, कुणी येऊन 'घेतली' म्हणत नाही म्हणून मी अडकले आहे. 'देते' असं मी एकदाही म्हटलं नव्हतं, हे मला त्या गाळणीशी उभं असताना कळलं. बहिणीकडून मी ड्रेसिंग शिकले, पाढे घ्यायला शिकले, आणि हेही शिकले.

सभा सुरू झाली. मला पुढच्या रांगेत भिंतीकडची खुर्ची दिली होती, म्हणजे उठायचं तर पाच जणांना उठवावं लागणार. ताईचं घड्याळ माझ्या छातीशी टाचलेलं होतं. नर्सचं घड्याळ उलटं लटकतं, घालणारीला खाली बघून वाचता यावं म्हणून. नाडी मोजायला म्हणून मी ते लावायची, आणि पुढे काढायचंच विसरले. मुख्याध्यापिका बोलत होत्या तेव्हा त्यात चार वाजले. पोस्टमन बोलला, चार वाजून दहा. शिंपी बोलता बोलता रडला आणि सगळे थांबले. चार पंचवीस. मग भाचा उठला आणि त्याने वादळाची गोष्ट सुरू केली. छान सांगतो तो. लहानपणापासून त्याने ती शंभरदा ऐकली आहे, बहुतेक वेळा माझ्याच तोंडून.

"आणि बदलीच्या सिस्टर," तो म्हणाला, "आल्याच नाहीत."

मी मागे वळून बघितलं. ती शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. हसत होती, जसं आपण आपल्याच फोटोकडे बघून हसतो.

चार चाळीस. भाच्याने पाटीवरचा कागद काढला. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतले 'संचालिका : मावशी' मोठ्याने वाचू लागले. शेजारच्या बाईने माझा हात दाबला. "सोनं झालं हो तुमचं," ती म्हणाली. खोलीत खिडक्या दोन, दोन्हींत माणसं उभी, बाहेरचा उजेड त्यांच्या डोक्यांवरून येत होता.

"मावशी, दोन शब्द बोल," भाचा म्हणाला. "मग प्रार्थना."

मी उठले. वही माझ्या मांडीवरच होती. सभेला ती कशाला घेऊन बसले हे मला तोवर माहीत नव्हतं. उघडली, आणि ताई सांगायची त्याच चालीत वाचायला लागले.

"एक. शिंप्याची आई. डावी टाच, साखरेची जखम, एक दिवसाआड ड्रेसिंग. लाली उतरतेय. दुखलं तरी बोलत नाही, भिंतीकडे बघते. भिंतीकडे बघितलं की हात हलका करायचा."

लोकांना वाटलं, आठवण सांगतेय. माना हलल्या.

"दोन. कुलूपवाले आजोबा. रक्तदाब वरचा एकशे सत्तर. गोळी घेतली म्हणतात, घेत नाहीत. खिशात ठेवतात."

आजोबांचा हात खिशाकडे गेला आणि खोलीत हशा पिकला.

"तीन, चार आणि पाच. तिघी बहिणी, संध्याकाळच्या वर्गाच्या. मधली ढ नाही. तिला फळ्यावरचं दिसत नाही. हे मला परवा कळलं, ताईला कळलं नव्हतं. चष्मा करायचा. सहा. मागची खोली. पेशंट नाही. पलंग इस्पितळाला परत द्यायचा."

हशा थांबला होता. भाचा पुढे झुकला. "मावशी, काय वाचतेस हे?"

"सात," मी म्हणाले. हे वहीत लिहिलेलं नव्हतं. "मावशी. वय पासष्ट. महिनाभरासाठी घेतली होती. त्रेचाळीस वर्षं झाली. बाहेरगावी पेटी धरायला जायचंय. बस सव्वापाचला." मी वही मिटली. "ओव्हर दिली. कोण घेतंय?"

भाच्याच्या चेहऱ्यावर तोच सहा वर्षांचा मुलगा दिसत होता, अंधारात दिवा मागायला लाजणारा. "अगं पण... उद्या आम्ही बहीणभाऊ दोघंही जाणार. पाटी लावली. लोकांना सांगितलं. मावशी, तू नसलीस तर कोण?"

"तेच विचारतेय, बाळा."

"थोडं थांबलीस तर काहीतरी ठरवू. महिनाभरात."

'महिनाभर' ऐकलं आणि माझे पाय जमिनीला चिकटले. खरं सांगते, देणं झालं तरी मला हलता येईना. मीही त्याच शास्त्रात वाढलेली. कुणी 'घेतली' म्हणेपर्यंत वॉर्ड सोडायचा नाही. चार पंचावन्न झाले होते. समोर चाळीस माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. देवा, मी मनात म्हटलं, निदान खोटं म्हणायला तरी कुणाला उठव.

"घेतली."

आवाज मागून आला. ती उठली होती. गुडघ्यांमधून वाट काढत पुढे यायला तिला वेळ लागला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. हात स्थिर होते.

"तुम्ही कोण?" भाच्याने विचारलं.

"बदलीची सिस्टर," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."

पोस्टमन म्हणाला, "म्हणजे त्या न आलेल्या?"

"आल्या होत्या," मी म्हणाले. "वादळाच्या दुसऱ्याच दिवशी, चिखलातून. ताईने ओव्हर दिली नाही."

"आईने असं कधी सांगितलं नाही," भाचा हळूच म्हणाला.

"नाही सांगितलं."

त्याने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्यापासून काहीतरी हिरावून घेतलं हे मला कळत होतं. पण त्या बाईजवळही द्यायला एवढी एकच गोष्ट होती, तिचा उरलेला वेळ, आणि तो ती देत होती. मला भर सभेत गप्प राहता आलं नाही.

तिने वही घेतली, पहिलं पान उलटलं, आणि भाच्याला म्हणाली, "एक महिना. महिना म्हणजे तीस दिवस, हे लिहून घ्या. एकतिसाव्या दिवशी मी ओव्हर देणार. कुणाला, ते तुम्ही बहीणभावांनी बघायचं. आणि ती बारीक अक्षरं पुसून टाका."

मी घड्याळ काढलं. टाचणी गंजली होती, निघेना. तिनेच काढली, एका हाताने, सराईतपणे, आणि घड्याळ स्वतःच्या छातीशी लावलं. पाच वाजून तीन.

खुर्च्या सरकायला लागल्या. लोक उभे राहून वाट देत होते, आणि तरी वाट होत नव्हती. एक जण पाया पडायला वाकला तो मधेच अडकला. दाराशी पोचले तर भाची बॅग घेऊन उभी.

"पलंग सरकवताना सकाळीच दिसली," ती म्हणाली. "हलकी वाटली, म्हणून शाल टाकली आत."

"आणि बोलली नाहीस?"

"तू बोलतेस का, ते बघत होते." तिने बॅग माझ्या हातात दिली, आणि सोडली नाही. एक क्षण दोघींचे हात त्याच मुठीवर होते. मग म्हणाली, "सायीचं अजून चालत नाही मला. सांगायचं राहिलं तुझं." आणि सोडली.

बस मिळाली. खिडकीची जागा नव्हती, मधली मिळाली. एका बाजूला टोपल्या घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला झोपलेला माणूस, त्याचं डोकं दर वळणाला माझ्या खांद्यावर. सरळ करावं म्हणून हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बराच वेळ गेला. मग मी वेळ बघायला छातीकडे मान वाकवली. कापडाला दोन भोकं पडली होती, त्यांच्याभोवती गंजाचं कडं.

"किती वाजले हो?" मी टोपल्यावालीला विचारलं.

"सात."

माझ्या उजव्या हाताला पेन हवं होतं. कुणाची जखम कशी, कोणती मुलगी कुठे अडली, सगळं ओठांवर आलं. ते ओसरेपर्यंत मी डोळे मिटून बसले. मग बॅग मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर बोटं ठेवली. उद्याचं पहिलं पद कुठल्या पट्टीत गाणार, हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. मी काळी एकपासून सुरुवात केली.